सर्व लोकांस

रतनबाईंनी तिसऱ्या रुमालाची गाठ सोडली आणि त्या आणि प्रगती, दोघी एकदमच शिंकल्या. लाल कापडाच्या त्या चौकोनात उंबरखेडं गावाचे सत्तर वर्षांपूर्वीचे कागद बांधलेले होते आणि इतकी वर्षं गाठीनं अडवून धरलेली धूळ आता मोकळी झाली होती.

"एक शिंक वाईट, दोन चांगल्या," रतनबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "आमची आई म्हणायची. बघू आता खरं होतंय का."

शिरूरच्या तहसील कचेरीतल्या या जुन्या कागदांच्या खोलीत रतनबाईंची एकवीस वर्षं गेली होती. मेंढरांमागं वाढलेली न्हावऱ्याची पोर नोकरीला लागते काय आणि निवृत्तीला टेकलेल्या हेडक्लार्कच्या मागं लागून मोडी लिपी शिकते काय, याचं कचेरीला अजून नवल वाटत होतं. मोडी दुसऱ्या कुणाला येत नव्हती म्हणून त्यांची बदली होत नव्हती, आणि बदली होत नव्हती म्हणून त्या खूश होत्या.

प्रगती सकाळी दौंडहून निघून, चौफुल्याला गाडी बदलून शिरूरला आली होती. तिला पशुवैद्यकीच्या कॉलेजात राखीव जागा मिळाली होती. ती टिकवायची तर घराण्याच्या जातीचा पन्नास सालाआधीचा पुरावा आणि त्याला जोडून वडीलधाऱ्याचं प्रतिज्ञापत्र उद्या, शुक्रवारी, पुण्यात जात पडताळणी समितीकडे दाखल करायला हवं होतं. नाहीतर यादीतलं खालचं नाव वर सरकणार होतं. वडील कुरकुंभच्या कंपनीत पाळीला अडकलेले, म्हणून सोबत आजोबा आले होते. अठ्ठ्याहत्तरीचे आबा.

पुरावा म्हणजे कागद. आणि त्या काळात कागद ज्यांच्याकडे शेती, शाळा किंवा भांडण होतं त्यांच्याच नावाचा निघायचा. प्रगतीच्या पणजोबांना, म्हाळूला, यांतलं काहीच लाभलं नव्हतं. वतनाच्या कागदावर थोरल्या भावाचं नाव होतं. जन्ममृत्यूच्या वह्या कुठल्याशा पुरात भिजून लगदा झाल्या होत्या. आबांचं तरी नाव कुठं असावं, तर तेही नाही. ते अक्षरं शिकले मोठेपणी, रेल्वेच्या रात्रशाळेत, आणि रेल्वेत लागले ते बावन्न साली. पुरावा व्हायला दोन वर्षं उशीर झाला होता.

"हे आता शेवटचं," रतनबाई म्हणाल्या. "जाहीरनामे. सरकारनं गावाला जे जे सांगितलं ते. गावानं सरकारला काय सांगितलं ते मात्र सापडायचं न्हाई यात."

प्रगती एकेक कागद उचलून वाचू लागली. कागद पिवळे पडले होते, पण छपाई अजून ठसठशीत होती. सर्व लोकांस कळविण्यात येते की, पटकीचा उपद्रव सुरू असल्याने कोणीही नदीत कपडे धुऊ नयेत. सर्व लोकांस कळविण्यात येते की, खानेसुमारीच्या रात्री कोणीही आपले घर सोडून जाऊ नये. सर्व लोकांस कळविण्यात येते की, सरकारी कुरणात शेळ्यामेंढ्या सापडल्यास कोंडवाड्यात घालण्यात येतील. इंग्रज सरकारचं सर्व लोकांवर बारीक लक्ष होतं, आणि त्यांनी काय काय करू नये याची त्याला फार काळजी होती.

वीसेक कागद वाचून झाल्यावर प्रगतीनं हात टेकले.

"यात कुणाचंच नाव नाही, मॅडम. खाली नुसती कलेक्टरची सही."

"पुढची बाजू वाचून काय हुणार, पोरी?" रतनबाईंनी तिच्या हातातला कागद घेऊन उलटा केला. "पुढं सरकार असतं. माणसं मागं असतात."

मागच्या बाजूला शाईनं लिहिलेल्या मोडीच्या तीन ओळी होत्या. पद्धतच होती तशी, त्यांनी सांगितलं. जाहीरनामा गावात आला की कुलकर्णी तो चावडीत वाचून दाखवायचा. दवंडीवाला ऐकून पाठ करायचा आणि हलगी वाजवत गावभर तेच ओरडायचा. मग कागद चावडीच्या भिंतीला डकवायचा. महिना झाला की उतरवायचा, आणि दवंडी खरोखर दिली याची खूण म्हणून मागं लिहून, दवंडीवाल्याचा अंगठा घेऊन तालुक्याला परत धाडायचा.

"ऐक. 'सदरहू जाहीरनामा गावी दवंडी देऊन लोकांस कळविला व चावडीस चिकटविला. दवंडी देणार म्हाळू बिन भिमा महार. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.' साल एकतीस. भिमा म्हंजी कोण तुझे?"

प्रगती कागदावर वाकली. तिच्या घरात पणजोबांचा फोटो नव्हता. माणूस कसा दिसायचा हेही कुणाला नीट सांगता येत नव्हतं. आणि इथं त्याच्या अंगठ्यावरची रेघन् रेघ दिसत होती. घामट हाताचा डाग पडेल म्हणून तिनं हात मागं घेतला आणि ओढणीला पुसला.

"भिमा म्हणजे पणजोबांचे वडील," ती म्हणाली आणि धावतच बाहेर गेली.

आबा आवारातल्या लिंबाखाली सिमेंटच्या बाकावर बसले होते. सकाळपासून ते खोलीत आले नव्हते. धुळीचं निमित्त त्यांनी सांगितलं होतं.

"आबा, सापडलं! पणजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, अंगठा, सगळंच सापडलं. आता तुम्ही फक्त सही करायची, की हे माझेच वडील."

"कशात सापडलं?"

"सरकारी जाहीरनाम्यात. पाठीमागं. दवंडी दिल्याची नोंद आहे."

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"मग न्हाई सापडलं," ते म्हणाले. "त्या कागदावर मी सही करणार न्हाई."

"आबा, अहो, उद्या शेवटचा दिवस!"

"हलगी आन् जातीचं ते नाव, दोन्ही टाकून बौद्ध झालो त्याला सत्तेचाळीस वर्सं झाली. ती काय माझ्या हातानं पुन्यांदा घरात आणू? दुसरं काय बी सापडू दे, सहीच्या जागी मान देतो. ह्ये न्हाई."

प्रगती त्यांच्या शेजारी बसली. खरं कारण तिला माहीत होतं. उंबरखेड्यात अजूनही एखादं काम भलत्याच दिवशी झालं की लोक म्हणत, 'म्हाळूचा मंगळवार झाला बघ.' लहानपणी एका लग्नात तिनं ते ऐकलं होतं आणि सगळ्यांबरोबर हसली होती. आबा त्या लग्नातून न जेवता उठून आले होते.

गोष्ट गवताची होती. सरकारी कुरणातल्या गवताचा लिलाव शिरूरला सोमवारी होता. म्हाळूनं दवंडी दिली ती मंगळवारची. गाव मंगळवारी बैलगाड्या जुंपून शिरूरला पोचलं, तेव्हा आदल्या दिवशीच दुसऱ्यांनी गवत उचललं होतं. त्या साली उंबरखेड्याची जनावरं उपाशी मेली. म्हाळूला चावडीपुढं दिवसभर उन्हात उभं केलं गेलं. त्यानंतर गावानं त्याला नावानं हाक मारली नाही. पोरंसोरंही त्याला मंगळवारच म्हणत. आबा तेव्हा सात वर्षांचे होते. बापाला पाणी द्यायला गेले तर कुणी जवळ जाऊ दिलं नव्हतं. पुढं चार वर्षांत म्हाळू गेला, आणि मंगळवाराचा पोरगा हे नाव आबांना चिकटलं. दौंडला रेल्वेत लागल्याची चिठ्ठी आली त्या दिवशीच त्यांनी गाव सोडलं होतं.

"एका माणसानं वार चुकीवला, आन् आमच्या तीन पिढ्या खाली मान घालून चालल्या," आबा म्हणाले. "आता तुझ्या कॉलेजच्या कागदावर बी तीच दवंडी. नको, पोरी."

 आपण रडलो तर आबा सही करतील हे प्रगतीला ठाऊक होतं, म्हणून तिनं डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. तशी सही तिला नको होती.

खोलीची खिडकी लिंबाच्या बाजूलाच उघडत होती. आत रतनबाईंनी हे सगळं ऐकलं आणि त्या पुन्हा रुमालावर वाकल्या.

अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या. छातीशी दोन कागद धरले होते. जुने कागद खोलीबाहेर न्यायची परवानगी नव्हती, पण लिंब कचेरीच्या आवारातच आहे असं त्यांनी स्वतःला समजावलं असावं.

"आबा, मी खिडकीतनं ऐकलं. राग नका मानू," त्या बाकाच्या टोकाला टेकत म्हणाल्या. "तुमच्या गावचं गवत सोमवारी कुणी उचललं, ठावं हाय? आमच्या न्हावऱ्यानं. माझा आजा सांगायचा, त्या साली आमची मेंढरं लई गुटगुटीत झाली म्हणून. तवा माझं बी देणं लागतं तुमच्या घराला. म्हणून त्यो कागद हुडकला."

त्यांनी पहिला कागद मांडीवर पसरला. पुढं छापलं होतं, लिलाव तारीख १७ माहे आक्टोबर सन १९३२, रोज सोमवार. प्रगतीनं ते मोठ्यानं वाचलं. मग रतनबाईंनी कागद उलटला आणि त्या मोडीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या.

"'सदरहू जाहीरनाम्याचा मजकूर, गवताचा लिलाव रोज मंगळवारी होणार असा, दवंडी देणार म्हाळू बिन भिमा महार यास समजावून सांगितला. त्याप्रमाणे त्याने दवंडी दिली.' खाली कुलकर्ण्याची सही. शेजारी तुमच्या वडलांचा अंगठा."

आबा वाकून त्या अंगठ्याकडं पाहू लागले.

"चूक वाचणाऱ्याची, आबा. ओरडणाऱ्याची न्हाई. पुढं सोमवार छापलेला असताना ह्या बाबानं मंगळवार सांगितला, आन् मागं स्वतःच्या हातानं लिहून बी ठेवला. कुणी कागद उलटा करून बघितलाच न्हाई."

"पुन्यांदा वाचा," आबा म्हणाले.

रतनबाईंनी पुन्हा वाचलं. मंगळवार हा शब्द आला तेव्हा आबांनी डोळे मिटले.

"बा ह्येच सांगत हुता," ते म्हणाले. "मला जे सांगितलं तेच मी वरडलो, म्हणायचा. आईला सांगायचा, मला सांगायचा. कुणी ऐकलं न्हाई. मी बी न्हाई ऐकलं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सत्तर वर्षं बापाचा राग केला होता त्यांनी, आणि आता तो ठेवायला जागा उरली नव्हती.

प्रगतीनं त्यांचा हात धरला. रतनबाईंनी दुसरा कागद पुढं केला.

"ह्यो चौतीस सालचा. बुळकांडीचा जाहीरनामा. सर्व लोकांनी आपापली गुरं टोचून घ्यावीत, गुरांच्या डॉक्टरापुढं मालकानं स्वतः हजर राहावं, असा. मधल्या दोन वर्सांतले सगळे कागद मी उलटून बघितले. सगळ्यांवर अंगठाच हाय. नवा तलाठी आलेला दिसतोय मधी, अक्षर बदललंय. आन् मग एकदम ह्यो. आता प्रगती, तूच वाच. हे मोडी न्हाई."

कागदाच्या मागं तलाठ्याच्या दोन ओळी होत्या. त्यांच्या खाली, अंगठ्याच्या जागी, मोठाल्या अक्षरांत एक वेगळी ओळ होती. अक्षरं एकमेकांपासून सुटी सुटी, ताठ उभी होती. प्रगतीनं ती आधी मनात वाचली. मग मोठ्यानं.

"'मी म्हाळू भिमा. मजकूर स्वतः वाचून दवंडी दिली.'"

"काय?" आबा म्हणाले.

"स्वतः वाचून. असंच लिहिलंय, आबा. त्यांनी लिहिलंय."

"त्याला कुठं येत हुतं? त्यो शाळेच्या पायरीवर बी गेला न्हवता. घरात पयलं अक्षर मी गिरवलं, रेल्वेच्या शाळेत. मी पोरांना, नातवंडांना त्येच सांगत आलो."

"शाळेतलं न्हाईच हे," रतनबाई म्हणाल्या. "शाळेत शिकलेल्या हाताला वळण असतं. हे बघा, छापील अक्षर समोर ठेवून काढल्यागत हाय. जसंच्या तसं, टाइपाच्या टोकांसकट. ह्या माणसाला कुणी शिकवलं न्हाई. ह्यानं बघून बघून उचललंय."

प्रगतीनं ती ओळ पुन्हा पाहिली. मजकूर, स्वतः, वाचून, हे शब्द सरळ आणि नेमके आले होते. ते जाहीरनाम्यांत कितीदा तरी छापलेले असत. नाव तेवढं वाकडंतिकडं उमटलं होतं, कारण म्हाळू हा शब्द सरकारनं कधीच छापला नव्हता. तो त्याला स्वतःलाच जुळवावा लागला असणार.

"पण बघून तरी कसं येईल?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उमगलं. "त्यांना जाहीरनामा पाठ असायचा ना! दिवसभर तेच ओरडायचे. मग तोच कागद महिनाभर भिंतीवर. पहिले दोन शब्द तर दर वेळी तेच, 'सर्व लोकांस'. तोंडातला शब्द कागदावरच्या शब्दाला लावत गेले की..."

आबा उठून उभे राहिले.

"त्या उन्हाच्या परकरणानंतर," ते हळूहळू म्हणाले, "बा सांजचं चावडीफुडं उभा राह्याचा. रोज. भिंतीकडं तोंड करून. आई मला बोलवाय धाडायची, भाकरी गार व्हती म्हणून. मी गेलो की बघायचो, त्याचं वठ हालायचं आन् मांडीवर बोट फिरायचं. लोक म्हणायचे, मंगळवाराला येड लागलं. मला बी तसंच वाटायचं. लाज वाटायची. लांबनंच हाक मारायचो आन् पळून यायचो." त्यांनी वाकून ती ओळ पाहिली. "येडा न्हवता त्यो. शिकत हुता."

मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली आणि विचारलं, "साहेब किती वाजंस्तवर हाय?"

नकला आणि प्रतिज्ञापत्रांवर तहसीलदार साहेब पाचपर्यंत सह्या करणार होते, आणि साडेचार होत आले होते. रतनबाई नोंदींच्या नकला करायला आत पळाल्या. प्रगती आबांना घेऊन फाटकाशी आली. तिथं छत्रीखाली टाइपरायटर मांडून शंभू बसायचा. आख्ख्या तालुक्याची प्रतिज्ञापत्रं त्याच्या बोटांखालून गेली होती. त्यामुळे अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तो विचारण्याआधीच टाइप करत असे.

"वडलांचं नाव?"

"म्हाळू भिमा."

"धंदा? शेतमजुरी टाकू का?"

"न्हाई. दवंडी देत हुते."

प्रगतीनं आजोबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"जात?"

"कागदावर हाय ती लिहा. तवाची हाय ती. आन् फुडं लिहा, आता बौद्ध."

शंभूची बोटं खडखडत पुढं गेली. आबांनी चष्मा लावला आणि ते वाकून कागदावर उमटणारी अक्षरं वाचू लागले. रात्रशाळेतली सवय होती ती, ओठ हलवत वाचायची.

"हे काय छापलंत?"

"कुठं? वडलांचं शिक्षण, निरक्षर. त्या टायमाचे सगळे तेच असतात, बाबा. मी विचारत बी न्हाई."

"काढा त्ये."

शंभूनं हात थांबवले. "आता कसं काढणार? स्टँपचा कागद हाय, खाडाखोड चालत न्हाई. नवा आणावा लागंल, सगळं पयल्यापासनं टाइप करावं लागंल. वीस मिनटं राहिल्यात. आन् त्या रकान्याकडं कमिटी बघत सुदीक न्हाई. तुम्हाला काय फरक पडतो?"

 आबा प्रगतीकडे वळले. तिच्या हातात कॉलेजचं पत्र होतं. सकाळपासून घडी घालून घालून त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले. "पोरीचं साल जायला नको. आपल्याला कळलं, बास झालं."

त्यांनी सहीसाठी पेन मागितलं. शंभूनं सुटकेचा श्वास टाकला आणि पेन पुढं केलं.

प्रगतीनं पुढं होऊन टाइपरायटरची चकती फिरवली आणि कागद उपसून काढला.

"आगं, काय करतीस?" शंभू ओरडला.

"नवा कागद आणते. तुम्ही कार्बन लावून ठेवा, काका." ती फाटकातून पळत सुटलीसुद्धा. स्टँपवाल्यापुढं चार माणसं उभी होती. तिनं पहिल्याच माणसाला हात जोडले. काय वाटलं कोण जाणे, तो बाजूला झाला आणि त्याच्या मागचेही झाले.

ती धापा टाकत परत आली तेव्हा रतनबाई नकला घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर आल्या होत्या.

"पळू नका, पडाल कुणीतरी!" त्यांनी वरूनच सांगितलं. "साहेबांना चहा सांगितलाय. आन् कपाळ दुखतंय म्हणत हुते, म्हणून आलं जास्त घालाय लावलंय. उकळायला येळ लागतोय त्याला."

शंभूनं नवा कागद चढवला. या वेळी त्याची बोटं आपणहून पुढं गेली नाहीत. एकेक गोष्ट विचारून तो टाइप करत गेला आणि त्या रकान्याशी येऊन थांबला.

"शिक्षण," तो म्हणाला. "शाळेत गेले हुते का?"

"न्हाई."

"मग कितवी लावू?"

आबा विचारात पडले. प्रगती काही सुचवायला पुढं झाली, पण त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

"कितवी न्हाई," ते म्हणाले. "वाचता येत हुतं, एवढं लिहा. मी सही करतो."